थेरपिस्ट मॅडमचा राग आलाय. सांगू, की गुपचूप दुसरीकडे जाऊ?

जमाखर्च_इंदूर | रविवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. इथे वाचतो बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४४, इंदूर, राजेंद्रनगर. काम टॅक्स कन्सल्टंटचं, म्हणजे लोकांचे हिशेब. घरी आई, बायको, नववीतली मुलगी. मागच्या वर्षी रात्री तीनच्या ठोक्याला जाग यायची, छातीत धडधड, तळहात ओले. ईसीजी झाला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "मशीन उत्तम आहे, आता चालवणाऱ्याला दाखवून घ्या." म्हणून डिसेंबरपासून पलासियाच्या बाजूला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जातोय. दर शनिवारी साडेपाच वाजता, ५० मिनिटं, फी १,२०० रुपये. खाली झेरॉक्सचं दुकान, वर त्यांची खोली, खोलीत दोन खुर्च्या आणि एक मनीप्लांट, जो मी गेल्यापासून एका पानानेही वाढलेला नाही. बोलणं हिंदीत, कारण मॅडम हिंदीभाषक.

फायदा झाला. झोप लागते. म्हणून तर अडचण आहे, नाहीतर सोडून दिलं असतं.

झालं असं. जुलैत मी त्यांना सांगितलं होतं की पितृपक्षातला बाबांच्या तिथीचा आठवडा मला जड जातो. दोन वर्षं झाली बाबांना जाऊन. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं, मी डोळ्यांनी पाहिलं. आणि सप्टेंबरात, इकडे अनंत चतुर्दशीच्या देखाव्यांच्या झाँक्या निघून गेल्या, रस्त्यावरचा कचरा अजून उचलायचा होता, तोवर मॅडमचा मेसेज: तीन आठवडे सुट्टीवर आहे. म्हणजे अख्खा पक्ष. वर ३० सप्टेंबर, टॅक्स ऑडिटची तारीख. माझं उत्तर काय गेलं? "नो प्रॉब्लम मॅडम, एन्जॉय." एन्जॉय!

पक्ष झाला. भटजी आले, आईने खीर-वडे केले, कावळ्याने अर्ध्या तासाने पान शिवलं. पुण्याचा मोठा भाऊ आला नाही. मी रात्री तीनला उठून ऑफिसच्या फायली लावत बसलो.

ऑक्टोबरात मॅडम आल्या. पहिल्या शनिवारी मी मेसेज टाकला, "ऑडिट आहे." दुसऱ्या शनिवारी पुन्हा, "ऑडिट आहे." तोवर माझ्या सगळ्या फायली अपलोड होऊन गेल्या होत्या. ऑडिट-बिडिट काही नव्हतं. मी घरी बसून मुलीबरोबर क्रिकेट पाहिलं. आणि खरी गंमत म्हणजे न गेलेल्या दोन्ही वेळांची फी मी यूपीआयने पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती. त्यांचा उलट मेसेज आला, "ये पैसे किस बात के?" त्याला उत्तर दिलेलं नाही.

आता प्रश्न. दुसरा थेरपिस्ट बघू, की जाऊन सांगू की मला तुमचा राग आला? सांगायचं तरी कोणत्या नात्याने? त्या माझी बहीण नाहीत, मावशी नाहीत. पैसे देतो, काम घेतो. वकिलाने तारीख चुकवली तर आपण वकिलापुढे रुसून बसत नाही, वकील बदलतो.

बायकोचं म्हणणं तिसरंच आहे: "त्या बाईंना जे सांगता त्यातलं निम्मं मला कधी सांगितलंत?" पण तो वेगळा धागा होईल.

---

गराडू_प्लेट | सोमवार, सकाळी ८.१५

भिया, वाईट वाटून घेऊ नका, पण १,२०० रुपयांत सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, चार दोस्त पोटभर खातील आणि रात्री दीडपर्यंत तुमचं ऐकतील. वर साबुदाण्याची खिचडी. आपल्या आजोबांच्या काळी कोण जात होतं या मॅडमकडे? पैसे देऊन घेतलेली मैत्री आहे ही. राग कसला त्यात?

---

जमाखर्च_इंदूर | सोमवार, सकाळी ९.०५

तुमच्याच पद्धतीने उत्तर देतो, भिया. गेलो होतो सराफ्यात. दोस्त जुना आहे, जिवाचा आहे. मी म्हटलं, "रात्री झोप येत नाही रे." तो म्हणाला, "अरे मलाही!" मग पाऊण तास त्याची झोप, त्याच्या सासऱ्यांची शुगर आणि सुपर कॉरिडॉरवरचा त्याचा प्लॉट. भुट्ट्याचा किस मात्र छान होता.

त्याची चूक नाही. त्याने मला ऐकलं तर मला त्याला ऐकावंच लागतं. बरोबरीचा व्यवहार आहे. मॅडमकडे ५० मिनिटं फक्त माझी असतात, आणि नेमकं तेच मला सुरुवातीला सोसवत नव्हतं. फी देऊनही वाटायचं, मी जास्त घेतोय.

---

खुर्चीपलीकडची | सोमवार, रात्री १०.३०

मी याच कामात आहे, पुण्यात, १४ वर्षं. तुमच्या मॅडमना ओळखत नाही, त्यांची वकिलीही करत नाही.

"ऑडिट आहे" वाचून हसू आलं, कारण माझ्याकडे "गाडी पंक्चर" आणि "पाहुणे आलेत" येतात. एकदा एकाच माणसाकडे महिन्यात तीनदा तेच पाहुणे आले होते.

तुम्ही जे सांगताय त्याला आमच्या भाषेत रप्चर म्हणतात. मी मनात उसवण म्हणते. कापड फाटलेलं नसतं, शिवण सुटलेली असते. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं. त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या. काही जण समोर भांडतात: तुम्ही माझं ऐकत नाही, याचा काही उपयोग नाही. आणि काही जण गोड बोलून मागे सरकतात. दुसरी तऱ्हा जास्त फसवी, कारण थेरपिस्टला वाटतं सगळं उत्तम चाललंय, आणि एका शनिवारी समोरची खुर्ची रिकामी. "नो प्रॉब्लम मॅडम, एन्जॉय" ही अस्सल दुसऱ्या तऱ्हेची उसवण.

ही अगदी जुनी गोष्ट आहे. फ्रॉइडने १९०५ साली एका तरुण मुलीच्या उपचाराची हकिगत छापली. ती ११ आठवड्यांतच सोडून गेली होती. ती फ्रॉइडशी वागताना आयुष्यातल्या दुसऱ्याच पुरुषांशी भांडत होती, आणि हे आपल्या वेळेत लक्षात आलं नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. यालाच ट्रान्स्फरन्स म्हणतात. जुन्या खात्यावरची बाकी नव्या माणसाच्या नावे ओढली जाते. तुमच्या धंद्याचे शब्द वापरले, चूक असेल तर दुरुस्त करा.

"कोणत्या नात्याने?" हा तुमचा प्रश्न मला आवडला. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी खोलीत काय करायचं यावर एकमत, आणि दोघांतला विश्वास. वकिलाच्या बाबतीत पहिले दोन असले तरी भागतं. इथे तिसरा सुटला की पहिले दोनही लुळे पडतात. २०१८ साली २९५ अभ्यास, ३० हजारांहून जास्त लोक, असा सगळा एकत्र हिशेब मांडला गेला. नातं घट्ट असणं आणि बरं वाटणं यांचा सहसंबंध साधारण ०.२८ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण).

तेव्हा माझं उत्तर: बदलायचं असेल तर खुशाल बदला, तो तुमचा हक्क आहे. पण आधी एकदा जाऊन सांगा. न सांगता बदललात तर पुढच्या मॅडमकडेही पहिल्या सुट्टीनंतर "ऑडिट" निघेल.

---

वैशाखवणवा | मंगळवार, दुपारी २.२०

वरच्या ताईंचं पटलं, पण उलटी बाजूही कुणीतरी लिहायला हवी.

माझ्या शहरात (सांगत नाही कोणतं) मी एका काउन्सेलरकडे आठ महिने जात होते. तिथे नातं फारच घट्ट झालं. त्या रात्री अकराला फोन करायच्या, आधी माझ्यासाठी, मग स्वतःसाठी. त्यांच्या नवऱ्याबद्दल मला सांगायला लागल्या. मग म्हणाल्या, माझ्या मुलीला गणित शिकवशील का, मी शिक्षिका आहे म्हणून. मी शिकवलं. फी मात्र पूर्ण द्यायचे. मला वाटायचं, केवढा जीव लावतात! लहानपणी आईचं सगळं मीच ऐकायचे, त्यामुळे ओळखीचं वाटत होतं. ओळखीचं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे कळायला पुढे वर्ष गेलं.

म्हणून जमाखर्चदादा, त्यांनी सुट्टी घेतली आणि सुट्टीवर असताना तुम्हाला फोन केला नाही, ही चांगली खूण आहे. कुंपण आहे. माझ्याकडे नव्हतं.

बाकीच्यांसाठी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. नंबर विचारायला लाजू नका. आणि तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं ही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

---

तानपुऱ्यामागे | मंगळवार, संध्याकाळी ७.४५

ग्वाल्हेर, लष्कर. वय ७१. या विषयातलं मला काही कळत नाही, पण "कोणत्या नात्याने" हे वाचून थांबलो.

गुरुजींकडे नऊ वर्षं गायलो. म्हणजे पहिली दोन वर्षं नुसता तानपुरा धरला. त्यांनी माझ्या मनात काय चाललंय हे एकदाही विचारलं नाही. घरात बहिणीचं लग्न मोडलं तेव्हाही नाही. तरी आज मी जो काही माणूस आहे त्यातला बराचसा त्या ओसरीवर घडला. तेव्हा बोलल्यानेच माणूस घडतो असं मला वाटत नाही.

एकदा एका मैफलीत त्यांनी मला सोडून माझ्याहून धाकट्या मुलाला मागे साथीला बसवलं. मी दोन महिने गेलो नाही. निरोप पाठवला, ताप आहे. (तुमचं ऑडिट, आमचा ताप.) शेवटी गेलो. ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "लाव तानपुरा." लावला. त्यानंतर सहा वर्षं शिकलो. त्यांना माझा राग कळला होता का, की खरंच ताप वाटला, हे मला आजतागायत माहीत नाही. १९९४ साली गेले. विचारायचं राहिलं.

---

खुर्चीपलीकडची | मंगळवार, रात्री ११.१०

काका, तुम्ही लिहिलंत ते आमच्या क्षेत्रातही बोललं गेलंय. जसवंतसिंग नेकी नावाच्या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ साली गुरु-चेला नात्यावरच लेख लिहिला होता. पाश्चात्त्य पद्धतीत मन मोकळं करण्यावर आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्यावर जोर. आपल्याकडे माणूस कुणाच्यातरी आधाराने, शिस्तीने वाढतो, तर उपचाराचा नमुना गुरु-शिष्याच्या नात्यात का शोधू नये, असा त्यांचा विचार. मला तो अर्धा पटतो. अर्धा नाही, कारण वैशाखवणवा यांनी लिहिलं तेही गुरूच्या गादीवर बसूनच घडतं. शिष्याने प्रश्न विचारायचा नसतो ना.

थेरपीत हे शेवटचं कलम बदललेलं आहे. इथे विचारायचं असतं.

---

जमाखर्च_इंदूर | बुधवार, रात्री १२.२०

खुर्चीपलीकडची ताई, धंद्याची खोड म्हणून ०.२८ चा वर्ग करून पाहिला. ०.०७८ आला, म्हणजे बरं वाटण्यातल्या फरकात नात्याचा वाटा आठ टक्केसुद्धा नाही! एवढ्यासाठी मी जाऊन "मला राग आला" म्हणू? एफडीचं व्याज वाटतंय.

गंमत सोडा. काकांचं "विचारायचं राहिलं" वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि जरा गॅलरीत जाऊन आलो.

बाबा एका कापड गिरणीत हिशेबाच्या खात्यात होते. मी अकरा-बारा वर्षांचा असताना गिरणी बंद पडली. मग ते दिवसा एका दुकानात आणि रात्री घरी कापड मार्केटवाल्यांची वह्या-खाती लिहायचे. त्यांचं एकच वाक्य: कुणाचं ठेवायचं नाही. शेजारच्या काकूंनी वाटीभर भाजी दिली की वाटी रिकामी परत जायची नाही, त्यात निदान साखर तरी जायची. दहावीत मला गणितात ९६ मिळाले. पेढे नंतर आले. आधी त्यांनी विचारलं, "शिकवणीच्या सरांचं किती द्यायचं राहिलंय?" आणि शर्ट चढवून पैसे द्यायला गेले. मी गुणपत्रिका हातात धरून उभा.

हे मी मॅडमना सांगितलं होतं मार्चमध्ये. त्या दिवशी रडलो तिथे, पहिल्यांदा. पुढच्या वेळी गुढीपाडवा नुकताच झाला होता, मी घरच्या श्रीखंडाचा डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "रख लेती हूँ। पर ये पिछली बार के रोने का हिसाब है क्या?"

मला तेव्हा फार अपमान वाटला. सणाचं दिलं तर एवढं काय? घरी येताना राजवाड्यापर्यंत स्कूटरवर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आलो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांशी सिग्नलला थांबलो तेव्हा लक्षात आलं, बरोबर बोलल्या. रडणं फुकट घ्यायला मला जमलं नव्हतं.

आणखी एक. एकदा त्यांनी रिकाम्या खुर्चीवर बाबा बसलेत असं समजून बोलायला लावलं. हिंदीत जमेना. हिंदीत बाबा "पिताजी" होतात आणि मी दूरदर्शनवरच्या मालिकेतला मुलगा. पाच मिनिटं "पिताजी, आप..." करत बसलो. मग त्या म्हणाल्या, "मराठी में बोलिए। मुझे समझ में न आए तो भी चलेगा।" मी म्हटलं, "बाबा, गुणपत्रिका बघायची होतीत ना हो एकदा." पुढे काय बोललो आठवत नाही. संपल्यावर विचारलं, तुम्हाला काही कळलं का? म्हणाल्या, "इंदौर में पली हूँ, आधा तो समझ ही गई।" ऐकायला कुणी आहे, पण सगळं कळत नाही, ही सोय मला त्या दिवशी फार बरी वाटली. हे कोणत्या अभ्यासात येतं का, ताई?

---

खुर्चीपलीकडची | बुधवार, सकाळी ७.३०

वर्ग अचूक. पण उपचाराची कोणती पद्धत दुसरीहून सरस, या फरकाच्या वाट्याला बऱ्याच तुलनांत त्याहूनही कमी टक्के आलेत (वाद आहेत, मी एका बाजूची आहे). आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ज्याला बरं वाटतं त्याला थेरपिस्टही आवडू लागतो, हेही त्यात मिसळलेलं असतं.

भाषेचं: माझ्याकडे लोक प्रेमाचं मराठीत सांगतात आणि शिव्या इंग्रजीत देतात. आईबापांवरचा राग मात्र सहसा घरच्या बोलीतच निघतो.

अलेक्झांडर आणि फ्रेंच या दोन मनोविश्लेषकांनी १९४६ साली एक कल्पना मांडली होती: जुनाच प्रसंग, पण या वेळी समोरचा माणूस वेगळं वागतो, आणि तो अनुभव समजावून सांगण्यापेक्षा जास्त काम करतो. श्रीखंडाच्या डब्यावर तुमच्या बाईंनी नेमकं तेच केलं. वाटीत साखर घालून परत पाठवली नाही.

शनिवारी जाताय ना?

---

अर्धी_रात्र | गुरुवार, पहाटे २.५५

धागा वाचला. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी लिहिते: टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. मी तीनदा केलाय. तिन्ही वेळा वेगळं माणूस होतं, तिन्ही वेळा सुरुवातीपासून सांगावं लागलं. त्या रात्री निभावल्या, त्यासाठी मी ऋणी आहे. पण रागवायला मात्र एकच माणूस पुन्हा पुन्हा लागतो, हे तुमच्या धाग्यावर कळलं.

---

जमाखर्च_इंदूर | पुढचा सोमवार, रात्री ११.३०

गेलो होतो. विचारलंत म्हणून लिहितो.

वीस मिनिटं आधीच पोचलो. वर जायची हिंमत होईना म्हणून खाली झेरॉक्सवाल्याकडे आधारच्या दोन प्रती काढल्या, उगाच. त्याने विचारलं, दोन्ही बाजू? म्हटलं, दोन्ही.

वर गेलो. त्या म्हणाल्या, "कैसा रहा ऑडिट?" आणि मी म्हटलं, "कोई ऑडिट नहीं था।" मग पाठ करून गेलेलं वाक्य, "मुझे आप पर ग़ुस्सा आया था।" भूतकाळात बोललो, म्हणजे संपलंय असं वाटावं. त्या काही बोलल्या नाहीत. मी पक्षाचं, जुलैचं, डायरीचं सांगितलं. त्यांनी डायरी काढली, मागे उलटली, पान सापडलं. म्हणाल्या, "लिखा है। छुट्टी तय करते समय देखा नहीं। चूक मेरी है।"

खरं सांगू? माझा सगळा दम तिथेच गेला. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो, कबुलीची नाही. ताबडतोब म्हटलं, "कोई बात नहीं मैडम, आप भी इंसान हैं।" त्यावर त्या म्हणाल्या, "इतनी जल्दी माफ़ मत कीजिए।"

मग खोलीत इतकं शांत झालं की खालच्या झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. आणि मग मला खरा राग आला. मॅडमचा थोडा, दादाचा जास्त, बाबांचा सगळ्यात जास्त, आणि तो सगळा मराठीत आला. त्या ऐकत राहिल्या. उठल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही. मी मात्र बघितलं, सहा वाजून सतरा मिनिटं. म्हटलं, तीन मिनिटं उरलीत. त्या म्हणाल्या, "हिसाब आप ही रखिए।" दोघंही हसलो.

मग पैशांचं. वीस मिनिटं वर गेली असती तरी चाललं असतं असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांनी फोन उचलला आणि माझे २,४०० परत पाठवले. आदल्या दिवशी कळवलं तर फी नाही हा त्यांचा नियम आहे, आणि मी दोन्ही वेळा आदल्या दिवशीच कळवलं होतं. मी म्हटलं, पुढच्या दोन सेशनमध्ये वळते करा. "नहीं। ये मेरे नहीं हैं।" टुंग करून मेसेज आला, रक्कम जमा. सांगतो, त्या ५० मिनिटांत सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर ते २,४०० स्वीकारणं. घरी येईपर्यंत डोक्यात चाललं होतं, याचं काहीतरी घेऊन जावं, मिठाई, रोप, नवा मनीप्लांट तरी. नेलं नाही. म्हणजे अजून तरी नाही.

आता घरचं. काल दादाला फोन केला. अकरा वर्षं त्याचं रिटर्न मी भरतोय, फुकट. म्हटलं, "दादा, तू बाबांच्या पक्षाला आला नाहीस, मला राग आला." तिकडे शांतता. मग तो म्हणाला, "मग तेव्हाच बोलायचं ना." मग म्हणाला, "इथे आमचंही काय काय चाललेलं असतं." मी वाट पाहिली की आता चूक कबूल करेल. नाही केली. तो काही डायरी ठेवत नाही. मग म्हणाला, "बरं, त्या म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटचं काय झालं?" मी म्हटलं, या वर्षी पुण्यातच कुणाकडून करून घे. त्याने फोन ठेवला. अजून त्याचा मेसेज नाही. आईला कळलंय, ती दोघांशी बोलत नाहीये, म्हणजे माझ्याशी.

गराडू भिया म्हणतील, हे काय बरं झालं? मलाही माहीत नाही. पण रात्री तीनला उठलो नाही. साडेपाचला उठलो, तेही दूधवाल्यामुळे.

आणि बायको. ती बाजूच्या खोलीतून ऐकत होती. म्हणाली, "हे त्या बाईंनी शिकवलं?" म्हटलं, नाही, शिकवलं असं काही नाही. मग गॅलरीत बसून तिला सगळं सांगितलं, गुणपत्रिकेपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. १७ वर्षांत गुणपत्रिकेचं मी तिला सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही हिला ९० मिळाले तेव्हा ट्यूशनची फी विचारलीत." मला आठवत नव्हतं. तिला तारीख आठवत होती. पुढचं सांगत होतो तोवर तिचा डोळा लागला, दिवसभर दमलेली होती. मी आत जाऊन मुलीच्या खोलीचा दिवा चालू आहे का पाहिला. बंद होता.

---

तानपुऱ्यामागे | मंगळवार, सकाळी ६.१०

वाचलं. आज रियाजाला बसलो तेव्हा तानपुरा लावायला नेहमीपेक्षा वेळ लागला. बाकी काही नाही.

---

गराडू_प्लेट | मंगळवार, सकाळी ९.४०

भिया, मी काही म्हणत नाही. पण दादाला सांगा, आमच्या ओळखीत एक सीए आहे पुण्यात. आणि थंडी सुरू झाली, गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाड्या लागल्यात. या एकदा, मी ऐकतो. मध्ये बोलणार नाही, शब्द आहे.

---

जमाखर्च_इंदूर | मंगळवार, सकाळी १०.०५

येतो भिया. प्लेट तुमच्याकडून, आणि मी पुढच्या वेळी परतफेड करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

ताई, एक राहिलं. आताच मॅडमचा मेसेज आला, जानेवारीपासून फी १,५००. राग आलाय. शनिवारी साडेपाचला सांगतो.